माणूस येतोय

माझ्या नवऱ्याला घरात कोंडून ठेवता येत नाही, हे मी हॉस्पिटलातल्या समाजसेविका बाईंना परोपरीने समजावत होते. त्या मान हलवायच्या, जरा विचारात पडायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या, "ताई, दाराला एक चांगलं कुलूप बसवून घ्या." शेवटी माझा पारा चढला. मी म्हटलं, "बाई, माझा नवरा कुलूपवाला आहे. चांगलं कुलूप कुठलं, हे लोक त्यांना विचारायला यायचे."

तेव्हा कुठे त्यांनी पेन खाली ठेवलं.

आमचं दुकान घराच्या खालीच, जिन्याला लागून. दोन माणसं उभी राहिली की भरलं. मी पुढे बसून मशीनवर किल्ल्या कापायची, हे मागे कुलपं दुरुस्त करायचे, आणि कुणी घराबाहेर अडकलं की पिशवी उचलून निघायचे. कुलपाच्या पोटातलं मला फारसं कळत नाही, पण किल्ली कळते. एक नजर टाकली की सांगते, ही तिजोरीची, ही ऑफिसच्या दाराची, ही पोरांच्या गल्ल्याची. यांचं उलटं. किल्लीशी यांचं जन्माचं वाकडं. "किल्ली आळशी माणसाला लागते," म्हणायचे. मी म्हणायची, "त्या आळशांच्या जिवावरच आपली चूल पेटते."

फोन आला की यांचं वाक्य ठरलेलं. "थांबा बाई, दाराला हात लावू नका. माणूस येतोय." पुरुष असला तर बाईच्या जागी साहेब. जणू हाताखाली दहा माणसं ठेवली आहेत. मी चिडवायची, "कोण हो तुमचा हा माणूस? मला तरी दाखवा एकदा." हे पिशवी खांद्याला अडकवत म्हणायचे, "मी येतोय म्हटलं की लोक विचारतात किती वेळ लागेल. माणूस येतोय म्हटलं की त्यांना धीर येतो." आणि स्वतःच जायचे.

मग यांच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली, गाठ गेली आणि माहेरी यावी तशी परत आली. डॉक्टर म्हणाले, आता आणखी काही करण्यात अर्थ नाही, घरी न्या आणि सांभाळा. 'सांभाळा' हे ते इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाही ते सोपं वाटलं.

यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जायला लागली. जेवलो की नाही ते आठवेना. सख्ख्या भावाचं नाव आठवेना. मला कधी नावाने हाक मारायचे, कधी गिऱ्हाईक समजून उठून खुर्ची द्यायचे. हात मात्र काही विसरले नव्हते. आणि मनाने एकच घेतलं होतं, की बाहेर कुणीतरी अडकलंय. बाई आहे, हातात पिशव्या आहेत, बिचारी कधीची उभी आहे. की हे निघाले. कडी लावा, कुलूप लावा, काय वाट्टेल ते लावा. हत्यारं लपवली तर माझी केसांतली पिन घ्यायचे. पिना लपवल्या तर चष्म्याची दांडी मोडली. रात्री म्हणू नका, दिवसा म्हणू नका, मी बसल्या बसल्या पेंगले की 'टिक' असा बारीक आवाज यायचा आणि हे जिन्यात.

मी धावायची. अनवाणी, केस सुटलेले, कधी हात पिठाचे. गल्लीतल्या लोकांना आधी कीव आली, मग सवय झाली. मग एके दिवशी वरच्या मजल्यावरची बाई बाजारातून आली तर तिचं दार सताड उघडं, आणि आत टेबलाशी आमचे हे पिशवी पायाशी ठेवून बसलेले. तिला म्हणाले, "उघडलं बघा तुमचं दार. एक किल्ली शेजारी ठेवत जा." ती ओरडली. पोलीस आले. पोलीस भला होता, त्याच्या स्कूटरच्या डिकीचं कुलूप यांनीच कधीतरी दुरुस्त केलं होतं. पण पुन्हा असं झालं तर मला काही करता येणार नाही, असं तो जाताना म्हणून गेला.

त्याच संध्याकाळी माझे दीर आले. भाऊजी माणूस वाईट नाही, पण सगळं बोलणं उभ्याउभ्या करतात. म्हणाले, "वहिनी, आता बंद वॉर्डात ठेवायचं. मी जागा बघून आलोय. तुम्हीही बघून या."

मी बघून आले. स्वच्छ होतं, नर्स गोड बोलणाऱ्या होत्या, चादरी रोज बदलत होते. पण खोल्यांच्या दारांना आतून काही नव्हतं. कडी नाही, मूठ नाही, किल्लीचं भोक नाही. गुळगुळीत फळी. बाहेरून एक खिटी. एक म्हातारा त्या फळीवर तळहात ठेवून उभा होता, आणि आम्ही वॉर्डभर फिरून परत आलो तरी तसाच होता. ज्या माणसाने आयुष्यभर दारं उघडली, त्याला मी अशा दारामागे नेऊन बसवू? मी भाऊजींना म्हटलं, मला थोडे दिवस द्या. ते म्हणाले, "आणखी एकदा जरी ते बाहेर सापडले, तर मी तुम्हाला विचारणार नाही." यात धमकी नव्हती. ते रडवेले झाले होते.

म्हणून मी त्या समाजसेविका बाईंकडे गेले होते. त्यांनी मला काळजीवाहकांच्या गटात पाठवलं. हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. हमाल पोतं वाहतो, आम्ही काळजी वाहतो, फरक एवढाच की हमालाला कुठे उतरवायचं ते माहीत असतं. गट हॉस्पिटलच्या तळघरात भरायचा, व्यायामाच्या खोलीत. भिंतीला चाकं आणि दोऱ्या, मध्ये आम्ही गोल करून खुर्च्यांवर. प्रत्येकाचं घड्याळाकडे लक्ष, कारण प्रत्येकाने घरी कुणाला तरी गळ घालून बसवलेलं. मी यांना सोबतच घेऊन जायची. हे कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप उघडत बसायचे.

तिथे मला उपयोगाचं बरंच कळलं, नाही म्हणणार नाही. माणसाला कुशीवर कसं वळवायचं की आपली कंबर जाणार नाही. गोळी गिळत नसेल तर कुठल्या गोळ्या कुटून चालतात आणि कुठल्या नाही. न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून काय घालायचं. गटात एक पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्यांचा नवरा याच आजाराने गेलेला, तरी त्या येत राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मदत करा असं म्हणू नका. लोक हो म्हणतात आणि पळतात. अमुक दिवशी अमुक वेळ येऊन बसा, असं सांगा."

मला ते पटलं. यांचं ऑपरेशन झालं तेव्हा अख्खी गल्ली येऊन म्हणून गेली होती, काही लागलं तर सांगा. मी एकेकाला फोन लावला. म्हटलं, लागलंय. एक दुपार येऊन बसा, मला झोपायचंय. मावसबहिणीची कंबर तेव्हाच धरली. पलीकडच्या गल्लीतला शिंपी म्हणाला, येतो की, आणि दुसऱ्या दिवशीपासून आमच्या दुकानावरून जायचा रस्ताच बदलला. एकीने डबा पाठवला. तिने पाठवलेला डबा मी उभ्याने खाल्ला आणि तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या, कारण मला भूक नव्हती, झोप हवी होती. बाहेरून नुसती एक कडी घालायची आणि दोन तासांनी काढायची, एवढंसुद्धा शेजारणीला जमेना. म्हणाली, "नको गं बाई, काही झालं तर माझ्यावर यायचं." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हे एकदा बाहेर जावेत आणि सापडूच नयेत. वाटलं आणि तशीच भिंतीला टेकून बसून राहिले.

उरला बारक्या.

बारक्या आमच्याकडे शिकायला आला तेव्हा काडीसारखा होता. आता पोट सुटलंय, दुकानाच्या दारातून आडवा जातो, तरी नाव बारक्याच. आमच्याकडे सगळं शिकला आणि समोरच्याच बाजूला दुकान थाटलं. त्यावर यांनी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही, फक्त बोलणं बंद केलं. रस्ता रुंद नाही, दोघांना एकमेकांच्या कानशीचा आवाज ऐकू जायचा. त्याची पोरं मोठी झाली तरी हे त्याच्याकडे बघत नव्हते, आणि मीही बघत नव्हते, कारण नवऱ्याचं भांडण ते आपलं.

मी रस्ता ओलांडून गेले. तो कानस ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, "बारक्या, यांना उघडता येणार नाही असं कुलूप पाहिजे."

तो म्हणाला, "वहिनी, असं कुलूप मला बनवता आलं असतं तर मी त्यांच्या दुकानात एवढे दिवस थांबलो असतो का. आधीच नसतं का उघडलं माझं दुकान." आणि हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. आतूनही किल्लीच लागेल असं कुलूप दाराला बसवलं, परदेशी, जाडजूड. मी किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. आग लागली, काही झालं, तर हाताशी हवी. बारक्या म्हणाला, "आणि उस्तादांची हत्यारं त्यांना परत द्या. केसांच्या पिनेने त्यांना हरवायचं म्हणजे माझीच लाज." हे खुर्चीत बसून सगळं बघत होते. बारक्याला ओळखलं नाही. "बसवणारा नीट आहे," एवढं म्हणाले. बारक्या नमस्कार करून जिना उतरायला लागला. तो तळाशी पोचला असेल-नसेल, मागून टिक आवाज आला आणि हे पिशवी घेऊन त्याच्या मागोमाग. रस्त्यातून त्यानेच यांना हाताला धरून वर आणलं. मी कपाळाला हात लावला. बारक्या मात्र तोंड फिरवून हसत होता, आणि डोळे पुसत होता.

दुसरं कुलूप त्याने आतून बदलून आणलं. वरचा पत्रा तोच, गाभा नवा. ते यांना जेवणापासून चहापर्यंत पुरलं. हे दारासमोर स्टूल घेऊन बसले, एका हाताने कुलपात खुपसलेल्या पट्टीचा ताण धरून दुसऱ्या हाताने तार फिरवत. गुणगुणत होते. बाहेरच्या बाईला मधूनमधून सांगत होते, "झालंच हं." आणि तेव्हा मला एक युक्ती सापडली. तारेची खरखर चालू आहे तोवर कुलूप बंद आहे. मग मी शेजारी चटई टाकून आडवी झाले. खरखर ऐकत झोपायचं, आणि ती थांबली की उठायचं. तान्हं मूल असताना बाई झोपते ना, तशी. किती महिन्यांनी माझी पाठ जमिनीला लागली होती. टिक झालं, मी उठले, दारातच यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला, चहा घेऊन जा." चहा घेईपर्यंत बाहेरची बाई विसरली गेली.

मग बारक्याने एक कुलूप स्वतःच्या हाताने बनवलं. दुकान बंद करून मागे बसायचा, त्याच्या बायकोने मला सांगितलं. ते यांना दिवस-दोन दिवस उघडेना. जेवताना उठून जायचे, पुन्हा बसायचे. रागावले नाहीत. इतकं रमलेलं मी यांना आजारापूर्वीसुद्धा क्वचित बघितलं होतं. उघडलं तेव्हा बाहेर जायचंच विसरले. गाभा कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाले, "हे आमच्या बारक्याचं काम. शिकलं पोरगं."

मी धावत रस्ता ओलांडून बारक्याला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने पाठ फिरवली आणि कानस चालवायला लागला. कानशीखालच्या शिकंज्यात काही नव्हतं.

एवढं सगळं चाललं होतं तरी माझं काम सुटलेलं नव्हतं. यांचं अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं. डावा पाय ओढत होते. झटका येऊन गेला. बारक्या चौथं कुलूप बसवायला आला तेव्हा हे स्टुलावर बसून तार हातात घेऊन वाट बघत होते. त्याने काम उरकलं, यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, किल्ली माझ्या हातात दिली. मी जुनी किल्ली दोरीतून काढली, नवी ओवली आणि चटईवर पडले. खरखर सुरू होतीच.

उठले तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. दार बंद होतं. हे स्टुलावर होते. तार हातात होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. टिक झालंच नाही. मी दुपारच्या दुपार झोपले, खिडकीतून समोर बारक्याला हाक मारून तसं सांगितलंसुद्धा. अंग धुऊन केस विंचरले. पुस्तकाची चार पानं वाचली. भाऊजी आले, उभ्याउभ्या दार बघितलं, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मग राहू दे घरीच." त्यांनी माझ्या हातचा चहा बसून प्यायला. गटात मी पहिल्यांदा तोंड उघडून चांगली बातमी सांगितली. म्हटलं, कुलूप सापडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात एकजण तर असा होता की ज्याच्या बायकोला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी, आता काही करण्यात अर्थ नाही म्हणून, घरी पाठवलं होतं. पोस्टाच्या बाई म्हणाल्या, "मग आता मी दर आठवड्याला एक दुपार येऊन बसते. तुम्ही बाहेर पडा. मला एक किल्ली करून द्या."

मला मदत मिळाली होती. भीक मागून, दारोदार फिरून, पण मिळाली होती. मी खरंच सुखात होते. हे लिहायला लाज वाटते, पण त्या आठवड्यात मी गुणगुणत भांडी घासली.

ठरल्याप्रमाणे त्या आल्या. यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या, विणकाम काढलं. मी किल्ली घेऊन खाली दुकानात गेले. किती दिवसांनी शटर वर केलं. मशीनवरची धूळ पुसली, कोरी किल्ली घ्यायला खण उघडला, गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली चिमट्यात अडकवायला उजेडात धरली.

तीन खाचा. तिन्ही उथळ. दोन तर जवळजवळ सारख्या.

असली किल्ली मी मशीनलासुद्धा लावत नाही. गिऱ्हाईक उभं असताना हातातल्या कानशीने घासून देते. पेटीची, गल्ल्याची, पोरीच्या डायरीची किल्ली. हेअरपिन कशाला, हे कुलूप काडीने उघडतं. आणि मी, जी जन्मभर किल्ल्या ओळखण्यावर मिरवली, ही छातीवर बाळगून इतके दिवस झोपा काढत होते. एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं.

शटर उघडंच टाकून मी समोर गेले. किल्ली बारक्याच्या टेबलावर ठेवली. "हे काय आहे?"

बारक्याने किल्लीला हात लावला नाही. "माझं पहिलं कुलूप," तो म्हणाला. "उस्तादांनी मला याच्यावर शिकवलं. मी जपून ठेवलं होतं."

"आणि ते तू दाराला लावलंस?"

"त्या दिवशी मी आलो तेव्हा त्यांनी तार उलटी धरली होती, वहिनी. वाकवलेलं टोक मुठीत." त्याने आपली मूठ मिटून दाखवली. "मी दुसरं कुलूप आणलं होतं, पिशवीत होतं. पण म्हटलं, आज त्यांना हे देऊ. हे तरी उघडतील. एकदा टिक ऐकू दे त्यांना."

"आणि रस्त्यावर गेले असते म्हणजे?"

"मी खाली बसलो होतो ना. जिन्याच्या पायरीवर. ते उतरले की वर घेऊन यायला. आज त्या बाई सोबतीला आल्या, तोवर रोज बसत होतो दुपारभर. आले नाहीत."

मी म्हटलं, "मला सांगायचंस."

"तुम्ही खिडकीतून हाक मारलीत. म्हणालात, बारक्या, झोपले रे मी, पोटभर झोपले. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मी त्याला काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. रडले मात्र नाही, रडणं तिथवर पोचलंच नव्हतं. मी यांच्यासाठी एकच गोष्ट मागत फिरले होते, की यांना उघडता येणार नाही असं काहीतरी द्या. ते मिळालं. मी चटईवर घोरत होते आणि माझ्या हाताच्या अंतरावर हा माणूस तीन खाचांच्या कुलपापुढे बसून संपत होता, आणि मी जिला कुलूप उघडण्याची खरखर समजत होते ती नुसती पत्र्यावर तार घासल्याची खरखर होती. त्यात ताण नव्हता, मोजणी नव्हती, काही नव्हतं. आवाज ऐकून मला कळायला हवं होतं. मला झोप हवी होती.

किल्ली उचलून पुन्हा गळ्यात घातली आणि वर गेले. पोस्टाच्या बाईंनी विणकाम गुंडाळलं. "झाली का किल्ली?"

"नाही केली," मी म्हटलं. "लागणार नाही आता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बाई शहाण्या, त्यांनी विचारलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहू दिला, आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणून गेल्या.

हे स्टुलावर होते. मी यांच्या हातातली तार घेतली, सुलटी केली, पुन्हा बोटांत ठेवली. बोटांवर बोटं ठेवून मिटली. म्हटलं, "अहो, बाहेर बाई अडकलीय ना? उघडा की." यांनी तारेकडे बघितलं आणि ती शर्टाच्या खिशात पेन अडकवावं तशी अडकवली.

मग मी काय केलं ते मलाही नीट सांगता येत नाही. स्वयंपाकघरात गेले, बाजाराच्या दोन्ही पिशव्या घेतल्या. एकीत बटाटे होते, दुसरीत यांची औषधं. दाराबाहेर आले, दार ओढून घेतलं, बाहेरून किल्ली फिरवली. पिशव्या हातात धरून नीट उभी राहिले, यांना जशी बाई दिसायची तशी. आणि दार वाजवलं.

"अहो, दार उघडा. मी बाहेर अडकलेय."

मी पुन्हा वाजवलं. "कधीची उभी आहे हो. हातात पिशव्या आहेत."

स्टूल सरकलं. पाय ओढत ओढत दारापर्यंत आले. फळीच्या पलीकडे यांचा श्वास ऐकू यायला लागला, माझ्या कानाच्या अगदी जवळ. मी कुलपाच्या भोकाला कान लावला. खिशातून तार काढतील, पट्टी शोधतील. एवढंसं कुलूप. लहान पोराचं. मी श्वास धरून उभी राहिले. जन्मात कुणाची एवढी वाट बघितली नव्हती.

मग आवाज आला. दुकानातला, फोनवरचा, खणखणीत. कितीतरी महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता.

"थांबा बाई," हे म्हणाले. "दाराला हात लावू नका. माणूस येतोय."

आणि पाय ओढत परत गेले. स्टूल करकरलं.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसले. किल्ली गळ्यातच होती. मी दाराला हात लावला नाही.